आळशी कार्मिनचा कामसू हात

आमच्या गावात सकाळी उशिरापर्यंत लोळणाऱ्या पोराला आई ओरडायची, "उठतोस, की कार्मिन होतोस?" माणूस जिवंत असतानाच त्याची म्हण झाली होती. आणि कार्मिनला त्याचा राग नव्हता बरं का! कुणी नवखा पाहुणा गावात आला, की तो स्वतःच सांगायचा, "ती म्हण माझ्यावरनं आहे."

त्याची वाडी माझ्या वाडीला लागून, मध्ये फक्त एक मोडकं कुंपण. पानवेली, केळी, कडेनं मोगरा. हे सगळं सांभाळायची त्याची धाकटी बहीण मार्गारेट. बिनलग्नाची, सडपातळ, आणि जीभ अशी की विळीला धार लावायची वेळ आली तर तिच्याकडे न्यावी. कार्मिन मात्र ओट्यावर, आरामखुर्चीत. विहिरीवर रहाट होता तोवर बैल थांबला की खुर्चीतूनच त्याला हाक मारायचं एक काम त्याच्याकडे होतं. पुढे विजेचा पंप आला आणि तेही गेलं. पंपाला पहिला हार कुणी घातला असेल? कार्मिननं. तोसुद्धा मार्गारेटनं ओवलेला.

"काम काय पळून जातंय?" तो म्हणायचा. "मग आपण त्याच्या मागे कशाला धावायचं?"

तर असा हा कार्मिन ऐंशी सालच्या पावसाळ्यानंतर एकाएकी बिघडला.

आधी त्याच्या हातात रोझरी दिसू लागली. सकाळ-संध्याकाळ, ओट्यावर, रस्त्यात, न्हाव्याच्या खुर्चीत, जिथे बघावं तिथे याची बोटं मण्यांवर. गाव चाट पडलं. फादरांना इतका आनंद झाला, की त्यांनी एका रविवारी प्रवचनात त्याचं उदाहरण दिलं आणि मिस्सा संपल्यावर त्याला गाठून म्हणाले, "कार्मिन, आता रोज संध्याकाळची प्रार्थना तुम्हीच चालवा." दुसऱ्या दिवसापासून रोझरी गायब. भक्तीत इतकी मेहनत असते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मग एका सकाळी मी दात घासत परसात आलो तर कुंपणाशी कुणीतरी वाकून काम करतंय. बघतो तर कार्मिन! काठ्या बांधतोय! मी ब्रशसकट कपाळाला हात लावून क्रूस केला.

"कार्मिन, बरा आहेस ना?"

"कुंपण मोडलंय."

"ते तुझा बाप होता तेव्हापासून मोडलंय."

"म्हणून तर," तो म्हणाला आणि गाठ मारत राहिला.

पुढल्या दोनेक महिन्यांत त्या माणसानं काय केलं नाही! करंड्या विणल्या. केळीच्या वाळलेल्या सोपटाच्या दोऱ्या काढून त्यांची एवढी मोठी भेंडोळी केली, की सगळ्या गावाचे गजरे त्यात बांधून झाले असते. तांदूळ निवडले. निवडून झालेले तांदूळ पुन्हा निवडले. कुणाच्या घरी बसायला गेला तर त्यांच्या सुपाला हात घालायचा. बायका खूश, पुरुष हवालदिल. घराघरांत एकच वाक्य, "बघा, कार्मिनसुद्धा काम करतो आणि तुम्ही!"

आता गाव गप्प बसेल का? कुणी म्हणालं, वारलेली बायको स्वप्नात येऊन ओरडली. कुणी म्हणालं, ग्रामपंचायतीला उभा राहणार. आणि एक बातमी अशी होती, की चर्चच्या मागे राहणाऱ्या एका विधवा बाईंवर छाप पाडायची आहे. ही शेवटची बातमी कुठून निघाली ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण ती मीच काढली होती. बातमी चांगली होती, फक्त खरी नव्हती.

खरं मला कळलं ते विहिरीच्या काठावर. तो सोपटाची दोरी वळत बसला होता आणि मी गंमत म्हणून ती हातातून हिसकावली. त्याचा उजवा हात मांडीवर पडला, आणि एका क्षणात त्याच्यात जीव आला. मनगट हलायला लागलं. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर असे घासत होते, जणू न दिसणाऱ्या रोझरीचे मणी सरकवतायत.

"दे दोरी," तो हळूच म्हणाला.

मी दिली. हात शांत झाला आणि पुन्हा वळू लागला.

"रिकामा ठेवला की नाचतो," कार्मिन म्हणाला. "कामाला लावला की गप्प. सत्तर वर्षं मी कामाला चुकवलं, आता हा हात माझ्यावर मुकादम बसलाय."

मी हसलो. तोही हसला, पण अर्धाच. त्याचं कारण मला माहीत होतं, आमच्या पिढीतल्या सगळ्या गावाला माहीत होतं.

त्याच्या बापाला पन्नाशी गाठायच्या आतच असा कंप सुटला होता. त्या वेळी मार्गारेटचं लग्न ठरत होतं. आमच्या गावात रीत अशी, की बोलणी पक्की होताना दोन्ही घरांतल्या सगळ्यात वडील पुरुषांनी समोरासमोर उभं राहायचं, हातात जांभळाच्या वाईनचा काठोकाठ भरलेला ग्लास धरायचा, आणि यजमानानं आशीर्वादाची प्रार्थना म्हणायची. प्रार्थना संपेपर्यंत ग्लास खाली ठेवायचा नाही, थेंब सांडायचा नाही. बापाचा अर्धा ग्लास त्या पाहुण्याच्या सदऱ्यावर गेला. पाहुणे जेवलेसुद्धा नाहीत. "घरात कापरं आहे," एवढं एक वाक्य चारी गावांत फिरलं आणि मार्गारेटला पुन्हा कुणी बघायला आलं नाही.

"आणि आता बेलाला बघायला येतायत," कार्मिन म्हणाला.

बेला म्हणजे त्याची नात. शाळेत शिकवायची, हसरी, हुशार पोर. बाप आग्नेल, म्हणजे कार्मिनचा मुलगा, आखातात नोकरीला, त्यामुळे घरातला वडील पुरुष म्हणाल तर कार्मिनच. नवरामुलगा उमेळ्याचा, कॉन्रॅड नाव, गोखिवऱ्याला एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलेलं. आता फक्त मोठ्यांनी येऊन, वाईन पिऊन, आपणच ठरवलं असं समजायचं बाकी होतं.

"मार्गारेटला माहीत आहे?"

"तिला काय माहीत नसतं? पण ती बोलत नाही, मी बोलत नाही. तू बोललास तर तुझ्या सगळ्या बातम्यांची एक यादी तुझ्या बायकोला देईन."

मी गप्प बसलो. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात कठीण काळ.

पण एक केलं. त्याला ओढून वसईला डॉक्टर फ्रेडरिककडे नेलं. तोंडानं फटकळ, पण हाताला गुण असलेला माणूस. त्यानं कार्मिनला चालायला लावलं, बसवलं, उठवलं, बोटं मिटायला-उघडायला लावली.

"कंपवात," डॉक्टर म्हणाला. "कामात असला की हात थांबतो, ही या दुखण्याची खोडच आहे. वडिलांना कधी सुरू झालं होतं?"

"पन्नाशीच्या आत. म्हणून मी पन्नाशीपासून वाट बघत होतो. रोज सकाळी हात बघायचो. यायचं नाव नाही! शेवटी नाद सोडला, तर एकाहत्तराव्या वर्षी हजर."

"वाट बघत होता म्हणूनच खुर्चीत बसून होता," मी म्हणालो. "पन्नाशीच्या आधी कशाची वाट बघत होता ते विचारा, डॉक्टर."

डॉक्टर हसला. म्हणाला, "बाहेरच्या बाकावर बघितलंत? कंपवाताचे दोघं बसलेत, दोघंही सत्तरीच्या पुढचे. माझे वडील डॉक्टर होते, ते सांगायचे की कंपवाताचा माणूस म्हणजे पंचावन्न-साठचा. आता या रोगाला दया आली आणि तो उशिरा यायला लागला, असं मला वाटत नाही. तेव्हा सत्तरीपर्यंत पोचायचे किती? हिवताप होता, विषमज्वर होता, देवी होत्या. ज्याला सत्तरीत कंप सुटायचा तो साठीतच कबरस्तानात. आता औषधं आली, माणसं म्हातारी व्हायला लागली, आणि मग म्हातारपणाची दुखणीही त्यांना गाठायला लागली. हा माझा माझ्या बाकावरचा अंदाज, पुस्तकातलं काही सांगत नाही."

कार्मिननं थोडा विचार केला. "म्हणजे मला हे झालं, कारण मी आधी मेलो नाही?"

"थोडक्यात तसंच."

"मग तोंड पाडून काय सांगताय? अभिनंदन करा की!"

मग मात्र तो गंभीर झाला. "डॉक्टर, बापाचं माझ्याकडे आलं. माझं बेलाकडे जाईल?"

"बापाचंच तुमच्याकडे आलं हे कुणी सांगितलं? बहुतेक घरांत एखाद्यालाच होतं. तिला होईल असं मी म्हणणार नाही. होणार नाही असंही लिहून देणार नाही. गोळ्या देतो, लग्न होऊ द्या, आणि मुख्य म्हणजे लपवू नका."

"गोळ्या घेतो," कार्मिन म्हणाला. "लग्नही होऊ देतो. तिसरं मात्र लग्नानंतर."

जानेवारीतल्या एका रविवारी पाहुणे आले. ओटा सारवून ठेवलेला, आणि कार्मिन पांढऱ्या सदऱ्यात वालाच्या शेंगांची टोपली पुढ्यात घेऊन बसलेला. मार्गारेटनं मुद्दाम भरपूर शेंगा काढल्या होत्या. त्या संपल्या तर पंचाईत.

पाहुण्यांत कॉन्रॅड, त्याची आई जुलियाना, आणि आजा-आजी, पास्कल आणि सालोमी. जुलियाना म्हणजे करारी बाई. आल्या आल्या तिनं कुंपण बघितलं, करंड्या बघितल्या, सोपटाची भेंडोळी बघितली.

"हे सगळं तुम्ही केलंत? या वयात?"

"बसवत नाही हो," कार्मिन म्हणाला. "लहानपणापासूनची सवय."

मार्गारेटला आत खोकल्याची मोठी उबळ आली. मी छताकडे बघितलं.

पास्कल आजोबा उंच, गोरे, चौऱ्याहत्तरीचे. उजव्या हातात हॅट. ती हॅट ते कडेला धरून सारखी गोल गोल फिरवत होते. मला वाटलं, जुन्या वळणाचा माणूस, लाजतोय. चहा आला. चहासाठी हॅट खाली ठेवणं भाग होतं. कप तोंडाला लावून त्यांनी घाईनं खाली ठेवला आणि हॅट शोधायला लागले, तर ती त्यांच्या सुनेनं, जुलियानानं, अदबीनं खुंटीला लावून टाकलेली. सुनेच्या लक्षात आलं, तिनं जीभ चावली, पण आता सगळ्यांसमोर काढून कशी देणार? आजोबांची नजर भिरभिरली आणि शेंगांच्या टोपलीवर येऊन बसली.

"मी पण सोलतो," ते म्हणाले आणि टोपली आपल्याकडे ओढली.

"छे छे! तुम्ही पाहुणे." कार्मिननं टोपली परत ओढली.

"आता व्याही होणार. हातभार नको लावायला?"

"लग्नानंतर लावा. वाल तेव्हाही असतील."

"मे महिन्यात वाल कुठले?" पास्कल म्हणाले आणि दोन्ही हातांनी टोपली धरली.

दोन पुरुष शेंगा सोलण्यासाठी भांडताहेत, हे दृश्य आमच्या बायकांनी त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही. शेवटी टोपली मध्ये ठेवली आणि दोघं अशा झपाट्यानं सोलायला लागले की दाणे ओटाभर उडाले. एकमेकांकडे चोरून बघायचे, की टोपलीत किती उरल्या. शेवटची शेंग दोघांच्याही हातात एकदमच आली. कार्मिननं ती अर्धी मोडून दिली.

नेमकं तेव्हाच जुलियाना म्हणाली, "मग, आशीर्वाद घ्यायचा का?"

मार्गारेट बाटली आणि दोन ग्लास घेऊन आली. पंचेचाळीसेक वर्षांपूर्वीचेच ग्लास ते. तिनं ते भरले. रीतीप्रमाणे, काठोकाठ. कार्मिननं तिच्याकडे बघितलं. त्या एका नजरेत सगळं होतं: बापाचा हात, त्या पाहुण्याचा सदरा, न जेवता उठलेली माणसं. बेला आईसोबत दारात उभी होती. मार्गारेट हळू आवाजात म्हणाली, "छोटी प्रार्थना म्हण."

पण तिकडून सालोमी आजी डोळे मिटूनच म्हणाल्या, "आशीर्वाद सगळ्या संतांच्या नावांसकट होऊ द्या. आमच्याकडे अर्धवट चालत नाही." आजी तशा पेंगतच होत्या. पहाटेची मिस्सा करून आल्या होत्या, हातात रोझरी, पदर डोक्यावर.

दोघं म्हातारे उभे राहिले. ग्लास उचलले. कार्मिननं सुरुवात केली ती घोड्यावर बसूनच. संत इतक्या वेगानं धावायला लागले, की पेत्र आणि पौल एकमेकांना धडकले. पहिली काही नावं हात दगडासारखा स्थिर. मग उचलून धरलेलं मनगट थोडं हललं. मग जास्त. वाईन काठावर लाटा मारायला लागली. आधार म्हणून कार्मिननं आपला ग्लास हळूच पुढे नेऊन पास्कलच्या ग्लासाला टेकवला.

आणि आधार कुठला! पास्कलचाही ग्लास तितकाच थरथरत होता.

टिण टिण टिण टिण टिण!

काचेवर काच, एकसारखी, बारीक, गोड. डोळे मिटलेल्या सालोमी आजींनी काय ऐकलं? मिस्साबलीत फादर पवित्र भाकर उंच उचलतात तेव्हा वेदीवर वाजते ती घंटी. आयुष्यभराची सवय. आजी खुर्चीतून सरळ खाली उतरल्या, गुडघे टेकले, मान लववली. त्या टेकल्या म्हणून जुलियाना टेकली. जुलियाना टेकली म्हणून बेलाची आई. कॉन्रॅड, बेला, मार्गारेट, सगळं घर. मी कशाला खोटं बोलू, मीही टेकलो. कानावर घंटी पडली की आमचे गुडघे डोक्याला विचारत नाहीत.

ओट्यावर सगळं घर गुडघ्यांवर, आणि मध्ये ते दोघंच उभे, सांडलेल्या वाईननं जांभळ्या झालेल्या बाह्या, हातात किणकिणणारे ग्लास, एकमेकांकडे आ वासून बघताहेत.

घंटी थांबेना. आजींनी मान वर केली. "फादर कुठायत?"

पहिली हसली ती बेला. मग कॉन्रॅड. मग काय, धरणच फुटलं. जुलियानासारखी बाई जमिनीवरच बसली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. म्हणाली, "मी घरून निघताना मामंजींच्या हातात हॅट दिली. म्हटलं, काही झालं तरी सोडायची नाही. आणि मीच ती खुंटीला लावली!"

कार्मिन मात्र हसत नव्हता. त्यानं ग्लास खाली ठेवला, आणि हात पहिल्यांदाच सगळ्यांसमोर मोकळा सोडला.

"बाय," तो जुलियानाला म्हणाला, "लपवायचं नव्हतं. म्हणजे, लपवायचंच होतं. पोरीचं मोडू नये म्हणून."

"तुम्हाला काय वाटतं, आम्ही कशासाठी लपवत होतो?" जुलियाना म्हणाली.

पास्कल खुर्चीत टेकले. त्यांचाही हात मांडीवर नाचत होता. "तुमचं कधीपासून?"

"एकाहत्तराव्या वर्षापासून."

"माझं चौऱ्याहत्तर." आजोबांची छाती जरा फुगली. "म्हणजे तीन वर्षांनी आमचं घराणं उजवं."

"थांबा! माझ्या बापाचं पन्नाशीच्या आत. तिथून मी एकाहत्तरीवर आणलं. एका पिढीत वीस वर्षं! तुमच्याकडे आधी कुणाला?"

"चुलत्याला. साठीत."

"मग? वाढ कुणाची जास्त?"

"अहो, पण रोग उशिरा आला ही तुमची कमाई का?"

"डॉक्टर म्हणाला, मी मेलो नाही म्हणून झाला. न मरणं ही कमाई नाही तर काय?"

आजोबांनी कार्मिनचा डावा हात हातात घेतला, आणि दोघांचे उजवे हात आपापल्या मांडीवर एकाच ठेक्यात चालत राहिले.

तेवढ्यात बेला म्हणाली, "आम्हाला दोघांनाही माहीत होतं."

"काय?"

"कॉन्रॅडनं त्याच्या आजोबांचं मला सांगितलं, मी तुमचं त्याला. दिवाळीच्या सुट्टीतच."

"मग बोलली का नाहीस, ए सटवे?"

"कुंपण व्हायचं होतं ना, आजोबा," बेला म्हणाली. "मग करंड्या. मार्गारेट आजी म्हणाली, एवढ्यात सांगू नकोस, कौलं शाकारायची राहिलीत."

कार्मिन बहिणीकडे वळला. खाली ठेवलेल्या ग्लासाकडे बघत म्हणाला, "मार्गारेट, त्या वेळी जर असं कुणी हसलं असतं..."

"तर मला त्या माणसाशी लग्न करावं लागलं असतं," मार्गारेट म्हणाली. "आगाशीच्या बाजारात भेटतो अजून. भेटला की पोटाची तक्रार सांगतो, ती संपेतो माझी भाजी सुकते. बाबांच्या हातानं मला वाचवलं." मग पाठ फिरवून म्हणाली, "तेव्हा रडले होते. नाही असं नाही."

तिनं ग्लास पुसले आणि पुन्हा भरले. या वेळी अर्धेच.

"रीत काठोकाठची आहे," सालोमी आजी म्हणाल्या.

"ती रीत ज्यांचे हात हलत नव्हते त्यांनी केली," मार्गारेट म्हणाली. "आता माणसं जास्त जगतात. रीतही जरा म्हातारी होऊ दे."

ईस्टरनंतर, मे महिन्यात, लग्न झालं. त्याआधीच्या तीन रविवारी फादरांनी चर्चमध्ये दोघांची नावं वाचली आणि विचारलं, कुणाला काही अडथळा माहीत आहे का. दर वेळी कार्मिन मागे वळून फक्त माझ्याकडे बघायचा. नुसत्या नजरेनं अपमान! मांडवात दोन्ही व्याह्यांना शेजारी शेजारी बसवलं आणि अर्धे ग्लास दिले. एक थेंब सांडला नाही. आमच्या गावात तेव्हापासून म्हाताऱ्यांच्या हातात अर्धाच ग्लास देतात. बाटलीत उरलेलं कुठे जातं ते विचारू नका, शेजारधर्म म्हणून काही असतं.

लग्नाच्या दुसऱ्या सकाळी मी कुंपणावरून डोकावलो. कार्मिन आरामखुर्चीत. पाय पसरलेले, डोळे अर्धे मिटलेले, उजवा हात खुर्चीच्या दांडीवर राजरोस थरथरतोय. मार्गारेट तांदळाचं सूप घेऊन समोर उभी.

"अरे, हे तरी निवडशील की नाही? इतके दिवस करत होतास ना?"

कार्मिननं एक डोळा उघडला आणि आपल्या हाताकडे हनुवटीनं दाखवलं.

"तो लागलाय ना कामाला," तो म्हणाला. "एका घरात दोघांनी कशाला राबायचं?"